सुटी आणि सेवा

दिवाळीच्या चार दिवसांत तळेगाव दाभाड्याच्या आसमंतातील कारखाने एकाएकी मुके होतात. एरवी रात्रंदिवस चालणारी यंत्रे थांबतात. चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मालमोटारींची रांग विरळ होते. पाळी सुटताना फाटकांपाशी उसळणारी माणसांची लाट ओसरते. ज्याला गाव आहे तो गावाला जातो. ज्याचे बिऱ्हाड येथेच आहे तो आपल्या दाराशी पणती लावतो. परंतु ओहोटीच्या वेळी पाण्याखालचे खडक उघडे पडावेत, तद्वत या शांततेत काही माणसे नजरेस येऊ लागतात. ती एरवीही तेथेच असतात. गर्दीमुळे दिसत नाहीत इतकेच. स्थानकाच्या फलाटावर, पुलाच्या आडोशाला, अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर, माळावर मांडलेल्या ताडपत्रीच्या पालांत ती रात्र काढतात. सुटी ही कल्पनाच त्यांच्या बाबतीत लंगडी पडते. सुटी झाली म्हणजे माणूस घरी जातो. यांना जाण्यासाठी घर नाही.

अलीकडे पिंपरी-चिंचवडपासून तळेगाव-चाकणपर्यंतच्या पट्ट्यात एक चांगली चाल रूढ होत आहे. एकाच खात्यात काम करणारे दहावीस कामगार वर्गणी काढतात, घरच्या बायकांच्या मदतीने फराळाच्या पुड्या बांधतात, चादरी व घोंगड्या घेतात, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे किंवा पाडव्याच्या संध्याकाळी एखादा टेंपो घेऊन अशा माणसांच्या शोधात निघतात. या उद्योगाची चेष्टा करणारेही काही कमी नाहीत. चेष्टा करणारा बहुधा स्वतः काहीच देत नसतो, हे ध्यानात ठेवून त्याचे बोलणे ऐकावे. कारखान्यात वर्षभर एकमेकांच्या शेजारी उभे राहून काम करणारी माणसे सुटीच्या दिवशीही एकत्र येतात, आणि ती करमणुकीसाठी नव्हे तर तिसऱ्याच कोणासाठी येतात, ही गोष्ट सामान्य नाही. तरीसुद्धा एक प्रश्न उरतोच. फराळाची पुडी दुसऱ्या दिवशी संपते. तिसऱ्या दिवशी कारखान्याची यंत्रे पुन्हा सुरू होतात. त्यानंतर त्या माणसाचे काय होते?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी सुटी ही वस्तू कोठून आली याचे स्मरण करणे उचित होईल. कामगाराला सुटी कोणी आयती दिलेली नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांतील मजूर एके काळी आठवड्याचे सातही दिवस राबत असत. नारायण मेघाजी लोखंडे या पुरुषाने १८८४ साली त्यांची संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज केले. आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे यांचे मूळ घराणे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे ते अनुयायी होते. त्यांच्या चरित्राचा शेवट विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ पसरली, तेव्हा धास्तावलेले लोक शहर सोडून पळत होते. लोखंडे रोग्यांसाठी रुग्णालय उभारण्याच्या कामी लागले, आणि त्याच साथीत फेब्रुवारी १८९७ मध्ये त्यांचा अंत झाला. ज्याने इतरांसाठी विश्रांतीचा दिवस मिळवला, त्याने आपले अखेरचे दिवस अशा रीतीने घालवले. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पुढे विजेच्या टंचाईमुळे साप्ताहिक सुटी रविवारऐवजी गुरुवारी पडू लागली. वार बदलला, तरी त्या सुटीमागील कष्ट लोखंड्यांचेच होत.

आता बेघर म्हणजे कोण, हे नीट पाहिले पाहिजे. भीक मागणारा वृद्ध किंवा जटा वाढलेला वेडसर इसम एवढेच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे असते. जनगणनेची व्याख्या याहून पुष्कळ व्यापक आहे. उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहणारा तो बेघर, असे ती मानते. या व्याख्येनुसार २०११ साली भारतात १७ लाख ७० हजारांहून अधिक माणसे बेघर होती, आणि त्यांतील सुमारे २ लाख १० हजार एकट्या महाराष्ट्रात होती. ही मोजणी २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री झाली. दिवसा ही माणसे कामावर विखुरलेली असतात, म्हणून त्यांना रात्रीच मोजावे लागते. या कामावर नेमलेल्या प्रगणकांत प्राथमिक शिक्षकांचा भरणा मोठा होता. दिवसभर वर्गात शिकवून ती मंडळी जोडीजोडीने अंधारात हिंडली आणि झोपलेल्या माणसांना हलकेच उठवून त्यांनी नाव, गाव, वय विचारले. ते सरकारी काम होते, हे खरे. परंतु ज्यांच्या दारावर कोणी टकटक करू शकत नाही, अशा लाखो माणसांना त्या रात्री कोणीतरी अदबीने नाव विचारले, ही गोष्ट लहान नाही.

जनगणनेच्या व्याख्येत सहसा न सापडणारे, पण वर्षाचा मोठा भाग घराविना काढणारे लोक मावळात आणखी आहेत. दिवाळी सरली की वीटभट्ट्या लागतात. मावळातील व शेजारच्या रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर येतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत कच्च्या विटांचा आडोसा व वर गवताचे छप्पर एवढ्यावर भागवतात. त्याच सुमारास बीडकडील ऊसतोडणी मजूर पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. कारखान्याच्या आसपासच्या रानात ते आपल्या कोप्या घालतात, आणि नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. इमारतीच्या कामावरील मजूर तर एक इमारत पुरी होईपर्यंत तेथे राहतात. ती राहण्याजोगी झाली की पुढच्या उघड्या जमिनीवर जातात. वीट, साखर आणि घर या तीन वस्तू दिवाळीच्या दिवशी प्रत्येक सुखवस्तू माणसाजवळ असतात. त्या करणाऱ्यांजवळ मात्र त्या दिवशी ताडपत्री असते.

ही जाणीव झाली म्हणजे सेवेला निघालेल्या कामगाराच्या मनातील नाते बदलावयास हवे. ज्याला तो घोंगडी देऊ पाहतो तो बहुधा त्याचा सहकारीच असतो. कारखान्याच्या पत्र्यांवर चढून ज्याने छत घातले, फाटकापुढचा डांबरी रस्ता ज्याने उन्हात केला, ठेकेदाराच्या हजेरीपटावर ज्याचे नाव आज आहे आणि उद्या नाही, तो याच उद्योगाचा एक घटक होय. त्याच्याजवळ बिल्ला नाही, कँटीनचे कूपन नाही आणि दिवाळीचा बोनस तर मुळीच नाही. २५ मार्च २०२० पासून साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा हे सत्य सर्वांना दिसले. कारखाने बंद, मजुरी बंद, खोलीचे भाडे थकलेले; मग पुण्या-मुंबईच्या परिसरातून हजारो मजूर डोक्यावर बोचके व कडेवर मूल घेऊन महामार्गांनी पायी निघाले. आदल्या आठवड्यापर्यंत त्यांना कोणी बेघर म्हटले नसते. त्यांना घरी नेणारी पहिली खास आगगाडी तेलंगणातून झारखंडकडे सुटली ती १ मे रोजी. कामगार दिनाचा मुहूर्त कोणी मुद्दाम साधला होता की काय, कोण जाणे! भाड्याची खोली आणि उघडा रस्ता यांच्यामध्ये एका महिन्याच्या मजुरीएवढेच अंतर असते, हे त्या दोन महिन्यांत कळले.

सणाच्या दिवशी दिलेले दान टिकाऊ कसे होते, याचा एक बोधप्रद इतिहास खुद्द तळेगावाजवळ आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा प्रघात येथे पाडला. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे कामी आले. त्यानंतर हा प्रघात पेशव्यांनी पुण्यास चालवला, आणि तो इतका वाढला की दूरदूरच्या प्रांतांतून लोक श्रावणात पुण्याकडे लोटू लागले. ते दान भुकेल्यांसाठी नव्हते, विद्येच्या नावाने एकाच वर्णाला मिळणारे होते. हा त्यातील दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु पेशवाई गेल्यानंतर त्याचे जे झाले ते मननीय आहे. एल्फिन्स्टनच्या काळात, १८२१ साली, त्या निधीचा काही अंश पुण्यात संस्कृत पाठशाळा चालवण्याकडे वळवण्यात आला. पुढे त्यातूनच विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या निघाल्या आणि मराठी ग्रंथकारांना पारितोषिके मिळू लागली. वर्षातून एकदा रांगेत उभ्या राहणाऱ्यांच्या हातावर पडणारा पैसा बारमाही शाळेत गेला, तेव्हा त्याचे रूप पालटले.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक गोड आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या मनात अशी कल्पना आली की, प्रत्येक माणसाने देशी उद्योगासाठी वर्षाला केवळ एक पैसा द्यावा. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. गावोगाव हिंडणाऱ्या स्वयंसेवकांनी तो पैसा जमवला, आणि त्या पैशांच्या राशीतून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे तरुणांना ती विद्या शिकवली. आज तळेगावभोवती जे मोठमोठे कारखाने आहेत, त्यांच्या कितीतरी आधी या गावात भट्टी पेटली होती, आणि ती लोकांच्या एकेका पैशावर पेटली होती. पैसा फंडाची थोरवी रकमेत नव्हती. देणारा कोण, हे विचारले जात नव्हते. एकदा भरघोस देऊन सुटण्याची सोय नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा एक पैसा द्यावयाचाच होता.

कामगारांच्या सुटीतील सेवेला नेमके हेच वळण मिळाले पाहिजे. बेघर माणसाला एका दिवशी पुष्कळ मिळते आणि उरलेल्या दिवशी काहीच मिळत नाही. त्यात एक व्यावहारिक अडचण अशी की, त्याच्याजवळ कुलूप लावण्याची जागा नसते. एका संध्याकाळी तीन मंडळांनी तीन घोंगड्या दिल्या, तर तो त्या ठेवणार कोठे? एक तो पांघरतो, दुसरी अवकाळी पावसात भिजते आणि तिसरी चोरीस जाते, किंवा तो ती मिळेल त्या किमतीस विकतो. मग दाते म्हणतात की, या लोकांना द्रव्याची किंमत नाही. वस्तुतः त्याला हव्या असलेल्या वस्तूंची यादी दात्यांच्या यादीहून निराळी असते. अंग धुण्यासाठी आडोसा आणि पाणी, बायकांसाठी स्वच्छ शौचकूप, कागदपत्रे सुरक्षित ठेवण्यासाठी पत्र्याची पेटी, मोबाईलला वीज, आणि रात्री कोणी काठीने ढोसून उठवणार नाही अशी सहा तासांची झोप, या गोष्टी तो प्रथम सांगेल. अर्थात त्याला कोणी विचारले तर.

येथेच कारखान्यातील माणसाची खरी योग्यता दिसून येते. त्याच्यापाशी दोन गोष्टी अशा आहेत, ज्या श्रीमंत दात्यापाशीही नसतात. एक म्हणजे पाळीची सवय. पाळी संपली म्हणून यंत्र सोडून कोणी निघून जात नाही. येणाऱ्या माणसाला तो यंत्राची स्थिती सांगतो. कोठे तेल गळते, कोणता पट्टा सैल झाला आहे, हे नोंदवहीत लिहितो आणि मग हात पुसतो. काम माणसावर अडून राहत नाही, याचे रहस्य त्या वहीत आहे. सेवेच्या कामात अशी वही ठेवलेली क्वचितच आढळते. पुलाखालच्या म्हातारीचा ताप गेल्या गुरुवारी किती होता, वीटभट्टीवरील कोणत्या मुलाचे शाळेत नाव घालावयाचे राहिले आहे, हे पुढच्या गुरुवारी येणाऱ्या निराळ्या चार जणांना ठाऊक नसते. ते पुन्हा बिस्किटांचे पुडे घेऊन येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे कागदाची ओळख. अर्ज, पावती, दाखला, बँकेचे पुस्तक यांच्याशी कायम कामगाराचा रोजचा संबंध असतो. बेघर मजूर त्यांना वाघासारखा भितो. शिधापत्रिका एका गावची असली तरी देशात दुसरीकडे त्याच पत्रिकेवर धान्य घेता येते, अशी सोय झालेली आहे. परंतु बिहारकडचा किंवा मराठवाड्यातला मजूर दुकानाच्या पायरीवरून ‘येथे नाही’ एवढे ऐकून परत फिरतो. बांधकाम मजुराने वर्षातून ९० दिवस असे काम केले असेल, तर त्याची कल्याण मंडळाकडे नोंदणी होऊ शकते, आणि मग मुलांच्या शिक्षणासाठी व आजारपणात साहाय्य मिळते. पण ते ९० दिवस कोणी लिहून द्यावयाचे? ठेकेदार टाळतो आणि मजुराला मागण्याचे धैर्य होत नाही. अशा वेळी चार शब्द नीट बोलणारा, घड्याळ लावून रांगेत उभा राहणारा एक मनुष्य सोबत असला, तर अर्ध्या दिवसाच्या सुटीत जे काम होते ते दहा चादरींनी होत नाही. या कामाचे छायाचित्र काढता येत नाही, ही त्याची एक उणीव म्हणावी! घोंगडी घेणाऱ्याचा चेहरा मात्र आजकाल घोंगडीपेक्षा अधिक वेळा टिपला जातो. ज्याला दार नाही त्याला चेहरा झाकण्याचाही आडोसा नसतो, एवढे भान मोबाईल वर उचलण्यापूर्वी राहिले तरी पुष्कळ झाले.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, सुटी ही विश्रांतीसाठी आहे. तीही सेवेत गेली तर कामगाराने घरच्या माणसांचे तोंड केव्हा पाहावे? हा आक्षेप खरा आहे, आणि जो अधिकारी आपल्या हाताखालच्या लोकांना सुटीच्या दिवशी ‘स्वेच्छेने’ येण्याची सक्ती करतो, त्याच्या तोंडावर तो जरूर फेकावा. सक्तीच्या सेवेला वेठ म्हणतात. दुसरा आक्षेप असा की, १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांनी आपल्या नफ्यातील दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी असा कायदाच आहे. मग कामगारांनी खिशाला व सुटीला चाट का लावून घ्यावी? हा आक्षेप वरवरचा आहे. कायदा कंपनीकडून पैसा मागतो. माणसाकडून त्याची वेळ मागत नाही, आणि मागू शकणारही नाही. पैशाने इमारत होते. त्या इमारतीत रात्री अकरा वाजता भेदरून आलेल्या माणसाशी कोण बोलणार, हे पैशाने ठरत नाही.

इमारतीचा प्रश्नही सुटलेला नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले की, मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा असावा आणि तो अहोरात्र उघडा असावा. केंद्र सरकारच्या २०१३ च्या योजनेतही तेच प्रमाण धरले होते, आणि प्रत्येक माणसाला निदान ५० चौरस फूट जागा मिळावी असे म्हटले होते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने अशी निवारा केंद्रे काढली आहेत. तळेगाव दाभाड्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत छप्पन हजारांच्या घरात होती. तेव्हा या हिशेबाने त्याच्या वाट्याला अर्धा निवारा येतो! अर्ध्या निवाऱ्याच्या गावात कारखान्यांची संख्या मात्र दरसाल वाढली, आणि त्यांच्याबरोबर बांधकामेही.

निवारा बांधावा कसा आणि सोडून द्यावा कसा, हे महाराष्ट्राला गाडगे महाराजांनी दाखवले आहे. तळेगावात पुढे स्थायिक झालेले साहित्यिक गो. नी. दांडेकर तरुणपणी त्यांच्या सहवासात राहिले होते. १९५६ च्या डिसेंबरात बाबांचे निर्वाण झाले, तोवर पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इत्यादी ठिकाणी त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या होत्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. धर्मशाळा उठली की बाबा हातात खराटा घेऊन पुढच्या गावी जात. आपण बांधलेल्या छपराखाली ते स्वतः राहिले नाहीत. मात्र जाण्यापूर्वी पाठीमागे व्यवस्था पाहणारी माणसे त्यांनी नेमलेली असत.

अशा एखाद्या निवाऱ्यासाठी किती माणसे लागतील, याचा हिशेब कठीण नाही. समजा, तेथे पगारी रखवालदार आहे, स्वयंपाकाची व्यवस्था आहे, आणि रात्री सोबतीला दोन कामगार असावेत एवढीच अपेक्षा आहे. वर्षाच्या ३६५ रात्रींना ७३० पाळ्या होतात. तळेगाव-चाकणच्या साऱ्या कारखान्यांतून ३६५ माणसे पुढे आली, तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून दोन रात्री येतात; लीप वर्षी एक रात्र आणखी काढावी लागेल. निरनिराळ्या कारखान्यांच्या सुट्या निरनिराळ्या वारी असतात, ही एरवीची गैरसोय येथे उपयोगी पडेल. वर्षारंभी सर्व खात्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून तक्ता भरावा, त्याची एक प्रत प्रत्येक फाटकापाशी हजेरीच्या यंत्राशेजारी लावावी, आणि अडचण आल्यास बदली माणूस ज्याचा त्याने शोधावा, जसा तो पाळीसाठी शोधतो. तक्त्यातील पुष्कळशा चौकटी बिनतक्रार भरतील. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची चौकट मात्र बराच वेळ रिकामी राहील. म्हणून भरण्यास प्रारंभ तेथूनच करावा.